'ढ' मुलगा आणि निकुंभ मास्तर

मराठी शाळांत आजवर जितके शब्द मुलांच्या अंगावर फेकले गेले असतील, त्या सर्वांत आखूड आणि जिव्हारी लागणारा शब्द एकाच अक्षराचा आहे. तो शब्द म्हणजे 'ढ'. त्याची उपपत्ती अशी सांगतात की, अशोकाच्या ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरे कालांतराने ओळखू येऊ नयेत इतकी पालटली. 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. ज्याच्यात दोन हजार वर्षांत फरक पडला नाही ते अक्षर 'ढ', आणि ज्याच्यात मास्तरांच्या श्रमांनी फरक पडत नाही तो मुलगाही 'ढ'. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या मुलास अक्षरांशीच झगडावे लागते त्यास आपण नाव दिले तेही एका अक्षराचेच. आणि फरक न पडण्याचा दोष कदाचित शिकविण्याच्या रीतीत असू शकेल, ही शंका त्या नावात कोठेच नाही.

ही शंका हिंदी चित्रपटाच्या पडद्यावरून सामान्य कुटुंबांसमोर ठळकपणे मांडली ती 'तारे जमीन पर' ह्या चित्रपटाने. २१ डिसेंबर २००७ रोजी तो प्रदर्शित झाला. लेखन अमोल गुप्ते यांचे, दिग्दर्शन आमीर खान यांचे. ईशान अवस्थी ह्या लहानग्याचे काम दर्शील सफारी ह्याने केले, तर निकुंभ ह्या चित्रकलाशिक्षकाचे स्वतः आमीर खान यांनी. 'डिस्लेक्सिया' हा शब्द तत्पूर्वी डॉक्टरांच्या आणि थोड्याबहुत शिक्षकांच्या तोंडी होता. तो गिरगाव-दादरच्या बैठकीच्या खोल्यांत शिरला तो मुख्यत्वे ह्या चित्रपटामुळे, असे म्हणावयास हरकत नाही. मग इतक्या वर्षांनी त्याचे परीक्षण कशासाठी, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, ह्या चित्रपटाने अशा मुलाचे जे चित्र आपल्या मनावर उमटविले तेच अद्याप कायम आहे. पालकांच्या बोलण्यात आणि शिक्षकांच्या सभांत दाखला निघतो तो निकुंभ मास्तरांचाच. आणि ते चित्र निम्मे खरे व निम्मे दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम खरे ते सांगू. चित्रपटाचा पूर्वार्ध ह्या विषयावरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जातो. ईशान तिसरीत नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला आहे. त्याचा वडील भाऊ योहान प्रत्येक विषयात पुढे. त्यामुळे तुलनेचा काटा घरातच टांगलेला. बाप वाईट नाही. पण आळस, हट्ट आणि बेफिकिरी ह्या तीन शब्दांपलीकडे आपल्या मुलाचे वर्णन करण्यास त्याच्यापाशी शब्दच नाहीत. शाळा चुकवून मुलगा मुंबईच्या रस्त्यांतून एकटाच हिंडतो, आणि ज्या शहरातील कोणतीही पाटी त्यास धड वाचता येत नाही ते शहर तो डोळे भरून पाहतो. हा भाग लेखकाने कोणताही उपदेश न करता रंगविला आहे. पुढे वसतिगृहात धाडल्यावर तो मुलगा बोलेनासा होतो. चित्रे काढणेही सोडतो. ही मुकी अवस्था दर्शीलने ज्या संयमाने दाखविली आहे ती मोठमोठ्या नटांस साधत नाही.

आणखी दोन प्रसंग आमच्या मते विशेष मोलाचे आहेत. हिंदीच्या तासाला ईशान कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो, आणि मास्तर तो झिडकारून दुसऱ्या मुलाकडून पाठ केलेला अर्थ वदवून घेतात. वाचता न येणारा मुलगा त्या वर्गातील सर्वांत चांगला वाचक आहे, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला कळते आणि मास्तरांना कळत नाही. दुसरा प्रसंग निकुंभ ईशानच्या घरी जातो तेव्हाचा. तो एका खोक्यावरील परक्या लिपीतील मजकूर बापासमोर धरतो आणि म्हणतो, वाचा. बाप म्हणतो, मला ही लिपी येत नाही. तेव्हा निकुंभ त्याला त्याचेच शब्द परत करतो: आळस करता, मुद्दाम करता. चित्रपटात युक्तिवाद म्हणून जे काही आहे त्याचे सार ह्या एका प्रसंगात आले आहे.

आता दुसरी बाजू. ईशान वर्गात म्हणतो की, अक्षरे नाचतात. प्रेक्षकांच्या मनात ठसलेले वाक्य हेच. आणि त्यामुळे डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा काही भ्रम आहे, मुलाला अक्षरे उलटी दिसतात, अशी समजूत दृढ झाली. हा गैरसमज जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टराने ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात पटाईत, अंकगणितात ठीक. पण वर्षानुवर्षे शिकवूनही वाचन येईना. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गनने नोंदविले आहे. ह्या व्यंगास त्या वेळी 'जन्मजात शब्दांधत्व' असे नाव पडले, आणि नावातच डोळा आल्यामुळे दोष डोळ्यांत शोधला गेला. पुढील शतकातील संशोधनाने लक्ष डोळ्यांवरून ध्वनींवर नेले. कानावर पडलेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणे आणि प्रत्येक ध्वनीची त्याच्या चिन्हाशी चटकन गाठ घालणे, हे काम बहुसंख्य अशा मुलांस जड जाते. अक्षरे उलटी काढणे हे तर लिहावयास शिकणाऱ्या कोणत्याही मुलात आढळते. म्हणून उलटी अक्षरे काढणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नव्हे, आणि सरळ अक्षरे काढूनही ओळ वाचताना घामाघूम होणारे मूल डिस्लेक्सिक असू शकते.

मराठी घरांच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. चित्रपटात रोमन लिपीतील बी-डीची गल्लत पुढे येते, त्यामुळे हा इंग्रजी शाळेचाच रोग असावा असे अनेकांस वाटते. आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा पुष्कळच न्यायी आहे ह्यात शंका नाही. जसे बोलावे तसे बहुतांशी लिहावे असा तिचा करार आहे. परंतु त्या करारातही बारीक अटी आहेत. 'कि' म्हणताना आधी क उच्चारावयाचा आणि इकार नंतर. पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. 'सूर्य' ह्या शब्दातला र उच्चारात य च्या आधी, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' ह्यांच्यात भेद तो एखाद्या गाठीचा वा रेघेचा. 'चाक' आणि 'चिंच' ह्यांत च एकच, पण उच्चार दोन. जोडाक्षरांचा तर स्वतंत्र संसारच आहे. सामान्य मूल ह्या अटी नकळत गिळून टाकते. दहा-बारा वेळा पाहिले की झाले. ज्याला त्या गिळता येत नाहीत त्याला त्या एकेक करून, उघडपणे आणि क्रमाने शिकवाव्या लागतात. मराठी माध्यमातील मूल दुसरी-तिसरीत पाठ घोकून वेळ मारून नेते, आणि पाचवीत इंग्रजी वाढले व पुस्तक जाड झाले की एकाएकी 'ढ' ठरते. मूल एकाएकी ढ होत नसते. लपविण्याची जागा संपलेली असते.

ह्याहून गंभीर दोष चित्रपटाच्या शेवटात आहे. निकुंभ सर्व शाळेची चित्रस्पर्धा भरवितो, ईशानचे चित्र पहिले येते, शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकते, आणि आईबापांचे डोळे पाणावतात. प्रेक्षकांचेही पाणावतात, आमचेही पाणावले. परंतु अश्रू पुसल्यावर टीकाकाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ईशानला चित्र काढता आले नसते तर? तो चित्रकलेत बेताचा, खेळात बेताचा, गाण्यात बेताचा असा एक साधा मुलगा असता, तर त्याची कीव करण्याचे आणि त्याला शिकविण्याचे कारण उरले नसते काय? पूर्वार्धात लेखक सांगतो की, गुणांच्या स्पर्धेवर मुलाची किंमत ठरवू नका. आणि उत्तरार्धात त्याच मुलाची किंमत दुसऱ्या एका स्पर्धेतील पहिल्या क्रमांकाने सिद्ध करतो. काटा तोच, फक्त पारड्यातील वजन बदलले.

ह्याच दृष्टीने वर्गात निकुंभ थोरांची जी नावे सांगतो तीही आम्हांस खटकतात. आइन्स्टाइन, लिओनार्दो दा विंची आणि एडिसन ह्यांची नावे त्या यादीत आहेत. आइन्स्टाइनची शाळेतील गणिताची गती उत्तम होती, आणि लिओनार्दोचे उलटे लिखाण डावखुऱ्या माणसाच्या सोयीने सहज उलगडते. ह्या दोघांस डिस्लेक्सिया होता असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. खचलेल्या मुलास धीर देण्यासाठी मास्तरांनी थोडी अतिशयोक्ती केली तर ती क्षम्य मानता येईल. पण ती यादी पडद्यावरून उतरून पालकांच्या मनात बसली, आणि तिचे ओझे पुन्हा मुलाच्याच डोक्यावर आले. काल ज्याला 'ढ' म्हणून हिणविले त्याच्याकडून आज छुप्या प्रतिभेची अपेक्षा! दोन्ही वेळा त्याला जे हवे ते मिळालेच नाही. त्याला हवे होते वाचावयास शिकणे.

आणि नवल असे की, हे शिकणे चित्रपटात आहे. वाळूत बोटाने अक्षरे काढणे, मातीची अक्षरे वळणे, मोठ्या चौकटीतून लहान चौकटीत येणे, ध्वनिमुद्रित पाठ ऐकणे, पायऱ्या चढत-उतरत बेरीज-वजाबाकी करणे, हे सर्व निकुंभ करतो. दृष्टी, कान आणि स्पर्श ह्या तिन्ही वाटांनी एकच अक्षर मनात नेण्याची ही पद्धत जगभर अशा मुलांसाठी वापरली जाते. आपल्याकडे तर ती परकी मुळीच नाही. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी म्हणजे दुसरे काय होते? 'धुळाक्षरे गिरवणे' हा आपल्या भाषेतील आरंभाचाच वाक्प्रचार आहे. माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांची बोटे त्यांवरून फिरविली, आणि ती दृष्टी ताराबाई मोडक यांनी स्वातंत्र्यापूर्वीच दादरच्या शिशुविहारात आणून मराठी बालशिक्षणात रुजविली. तेव्हा निकुंभ मास्तर आपल्या अंगणातूनच गेले आहेत, असे म्हटले तरी चालेल. परंतु चित्रपटात हा सारा अभ्यास एका गाण्याच्या अवधीत आटोपतो. वास्तवात त्याला वर्षे लागतात. आणि इतके करूनही डिस्लेक्सिया जात नाही. वाचन साधते, पण बहुधा संथच राहते. चित्रपटाने जेथे रेंगाळावयास हवे होते तेथे तो धावला, आणि जेथे आवरावयास हवे होते तेथे, म्हणजे स्पर्धेच्या मैदानात, मनसोक्त रेंगाळला.

आता पडद्यावरचा प्रशस्त फ्लॅट आणि डोंगरावरची निवासी शाळा सोडून आपण परळ-लालबागच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात येऊ. येथेही ईशान आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचा हात शाडूच्या मातीत असा चालेल की, गणपतीच्या कारखान्यातील जुना मूर्तिकारही मान डोलावील. बाकीच्यांचा चालणार नाही. त्या सर्वांसाठी महाराष्ट्रात काय झाले? १९९६ साली, म्हणजे मॉर्गनच्या त्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, राज्यात दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या: अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखाद्या भाषेऐवजी किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सोपा पर्याय. पुढे त्या इतर इयत्तांनाही लागू झाल्या. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय ह्या महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्रे मिळू लागली. २०१५ साली राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने सिद्ध केलेली तपासणीची साधने मराठीतही आली, हे विशेष. कारण मराठी मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांवर घेणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेणे होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर ह्या अध्ययन-अक्षमतेस २१ प्रकारांच्या यादीत स्थान दिले.

ह्या गोष्टी लहान नाहीत. पण प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण नव्हे, हे आपण विसरत आहोत. अधिक वेळ हा ज्याला थोडेफार वाचता येते त्याच्याच उपयोगाचा. ज्याला मुळी शिकविलेच नाही त्याला अर्धा तास जास्त देणे म्हणजे त्याची शिक्षा अर्धा तास लांबविणे. आम्ही महाविद्यालयात शिकवितो. तेथे प्रमाणपत्र घेऊन येणारी मुले आम्हांस भेटतात. आणि प्रमाणपत्राविना येणारी, तोंडी उत्तरात तल्लख पण उत्तरपत्रिकेत दोन ओळींतच दमणारी, त्याहून अधिक भेटतात. पहिल्या वर्गातील मुलांच्या आईबापांस हे नाव ठाऊक होते, रुग्णालयाच्या खेपा घालण्यास सवड होती, खास शिक्षकाची फी परवडत होती. दुसऱ्या वर्गातील मुलांची आई पहाटे पोळीभाजी करून कामावर जाते. तिला एक खेप म्हणजे एका दिवसाचा खाडा. फरक मुलांच्या मेंदूत नसून बिऱ्हाडांत आहे.

म्हणूनच आमचे सारे लक्ष साध्या वर्गातील साध्या शिक्षकाकडे लागते; आणि चित्रपटाने सर्वांत मोठा अन्याय केला तो त्याच्यावर. निकुंभ सोडून त्या वसतिगृहातील शिक्षक बहुतेक सोंगे आहेत. पन्नास मुलांचा वर्ग, तपासावयाच्या वह्या आणि वरून येणारी परिपत्रके सांभाळणाऱ्या बाईंस निकुंभासारखी एका मुलासाठी रोजची संध्याकाळ कोठून देता येणार? तथापि तिच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. अशा मुलास सर्वांदेखत उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये. चुकलेला शब्द पंचवीस वेळा लिहून आणण्याची शिक्षा देऊ नये. चूकच पंचवीस वेळा घटविली जाते. फळ्यावरचे उतरून घेणे त्याला जड जाते, तेव्हा मजकूर हाती द्यावा. सूचना एका वेळी एक सांगावी. शब्द टाळ्यांवर तोडून म्हणून घ्यावा, मग लिहून घ्यावा. इतिहासाचे उत्तर तोंडी घेऊन इतिहासाचेच गुण द्यावेत. शुद्धलेखनाचा राग शुद्धलेखनाच्याच पेपरापुरता ठेवावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीस पैसा लागत नाही, आणि एकीनेही वर्गातील इतर मुलांचे नुकसान होत नाही. उलट जी मुले नुसतीच मंद गतीने वाचतात त्यांचाही फायदाच होतो.

वाङ्मयाच्या मासिकात ही शाळेची चर्चा कशाला, असे कोणास वाटेल, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भाषा सोडण्याच्या सवलतीत इंग्रजी माध्यमातील मराठी मुलाकडून पुष्कळदा सुटते ती मराठी. परीक्षेपुरते ते समजण्यासारखे आहे. त्याच्या डोक्यावरचे एक ओझे कमी होते. परंतु परीक्षेतून सुटलेली भाषा घरातूनही सुटू नये. डोळ्यांनी वाचणे ही वाङ्मयाकडे जाणारी एकच वाट नव्हे. आपल्या मराठीत तर ती फार अलीकडची वाट आहे. ओवी जात्यावर म्हटली गेली, अभंग कीर्तनात ऐकला गेला, पोवाडा डफावर. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी ऐकून टिपून घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांना डिस्लेक्सिया नव्हता, अक्षरओळखीची संधीच नव्हती. दोन्ही गोष्टींची गल्लत आम्ही करीत नाही. पण ज्या भाषेने न वाचणाऱ्या बाईस कवयित्री म्हणून डोक्यावर घेतले, त्या भाषेने अडखळत वाचणाऱ्या मुलास दाराबाहेर ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे. जेवण झाल्यावर घरातील कोणी रोज दहा पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. त्या मुलाचे वाचन संथ राहिले तरी त्याची रसिकता संथ राहण्याचे कारण नाही.

एकंदरीत 'तारे जमीन पर' हा चित्रपट पाहावा, मुलांना दाखवावा, आणि पूर्वार्ध विशेष लक्षपूर्वक पाहावा. उत्तरार्धातील टाळ्यांच्या गजरात मात्र एक गोष्ट निसटू देऊ नये. मुलाला शिकविले पाहिजे ते त्याच्यात एखादा तारा दडला आहे म्हणून नव्हे, तर तो आपल्या वर्गात बसला आहे म्हणून. चित्रात पहिला आलेल्या ईशानचा जो हक्क, तोच कशातच पहिला न येणाऱ्या लालबागच्या मुलाचा. हे ज्या दिवशी आपल्या शाळांच्या अंगवळणी पडेल त्या दिवशी 'ढ' हे पुन्हा केवळ वर्णमालेतील एक अक्षर होईल. आणि तेही त्या मुलास वाळूत बोट धरून शिकविता येईल.